वाघांब्याच्या वर, चौथा दिवस

सव्वापाचला शाळेच्या ओसरीवरून निघाले.
परवा रात्री पिशव्या चार होत्या, आता दोनच.
संज्योतचा गुडघा सुजला, ती मुल्हेरहून जीपने परत गेली,
जाताना तिचा पंप, अर्धा पुडा खजूर
आणि "नाही जमलं तर मागे फिरशील ना?"
एवढं माझ्या हवाली करून.
मी हो म्हटलं.
अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं माल तपासतेय,
व्हर्निअरच्या जबड्यात धरून सांगते, पास की नापास.
खोटं बोलायची सवय नाही.
हे एक बोलले.

पहिला तास चाकांवर.
मग वाट बैलगाडीची, मग गुरांची,
मग नुसती पाण्याने कधीतरी काढलेली.
तिथून सायकल माझ्यावर बसली.
सोळा किलो, वर पाणी, वर तंबू,
नळी खांद्याच्या हाडात,
पेडल दर चौथ्या पावलाला पोटरीत.
उजवीकडे साल्हेर, डावीकडे सालोटा,
दोघंही कुणाच्या बाजूने नाहीत.

मार्च संपत आलेला. गवत इतकं वाळलेलं
की पाय घसरला तेव्हा आवाज आधी झाला,
मी नंतर पडले.
मागचा गिअर हँगरपासून तुटून साखळीला लोंबत होता
कोंबडीच्या मोडक्या पायासारखा.
हँगर जादा होता.
त्याचा बोल्ट होता तो हातातून उडाला.

पाऊण तास रांगले.
शंभराव्या भागाची चूक पकडणारे हे डोळे,
त्यांना कुसळं दिसली, मुंगळे दिसले,
कुणाचं तरी जुनं बटण दिसलं.
रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं,
नुसती तहान लागली.

"काय सांडलं?"
खाली मोहाच्या तीन झाडांशी एक बाई उभी,
कडेवर टोपली, टोपलीत पहाटेची फुलं.
"बोल्ट. एवढा," मी करंगळीचं नख दाखवलं.
ती माझ्याजवळ आलीच नाही.
हात-दीड हात खाली जाऊन
पळसाच्या फांदीने गवत झाडू लागली.
"जड ते खाली जातं. तू वर काय बघतेस?"
आणि थोड्या वेळाने, झाडता झाडता,
"आधी भुई साफ करायची. मग हुडकायचं."

तेव्हा मी तिच्या झाडांखाली पाहिलं.
पाचोळा जाळून काळी केलेली जमीन,
ताटासारखी लख्ख,
आणि तिच्यावर एकेक फूल वेगळं, मोजता येईल असं.

बोल्ट तिनेच उचलला.
हुंगला, का ते कळलं नाही,
आणि दोन फुलांसकट माझ्या तळव्यावर ठेवला.
नाव विचारलं तर पवळी म्हणाली, खजूर नको म्हणाली,
ऊन चढतंय म्हणाली, आणि वाकली.
पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.
तिला माझ्याहून महत्त्वाचं काम होतं.

खिंडीत पोचले तेव्हा दीड वाजला होता.
वाऱ्याने हेल्मेटमध्ये शिट्टी धरलेली,
गुडघे दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.
फोनला एक काडी रेंज. संज्योतचे सात मेसेज,
शेवटचा नुसता, "कुठे?"
मी लिहिलं, "खिंडीत."
पाठवल्यावर लक्षात आलं, ती काय समजेल.
दुरुस्त केलं नाही.
दोन्ही अर्थाने बरोबर होतं.

मग पलीकडचा उतार, माळदरच्या दिशेने,
निम्मा बसून, निम्मा सायकलला धरून,
एकदा तर सायकलनेच मला धरून.
गिअर तिसऱ्यावर अडला, तो तसाच राहू दिला.
संध्याकाळी हापशीवर तोंड धुताना
खिशात हात घातला तर फुलांचा लगदा,
गोड, आंबूस, बोटांना चिकटणारा.
हात दोनदा धुतले.
वास गेला नाही,
आणि पाचव्या दिवसाचा नकाशा
त्याच बोटांनी उघडला.